वऱ्हाडातला एकुलता एक पेंढारी

दिवेलागण झाली की उंबरदरीच्या चावडीवर पोलीस पाटील उकंडराव घसा खाकरत आणि अशी हाक मारत की शिवेवरच्या कुत्र्यांनी कान टवकारावे.

"गफ्फार वल्द दादामियाँऽऽ, पेंढारीऽऽ!"

आणि पाटलांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेला, पाटलांच्याच चंचीतली तंबाखू मळत असलेला गफ्फार मान वर न करता म्हणे, "हाजीर."

मग पाटील टाक बुडवून ठाण्याच्या वहीत खूण करत, वही कापडात बांधत, आणि दोघं गावातल्या भानगडी चघळत बसत. पावसाळा असो की उन्हाळा, सण असो की सुतक, यात खंड नाही. चार वर्षं झाली होती.

आता हा गफ्फार कोण, तर पिंजारी. गावोगाव फिरून कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, रजया शिवायच्या. अंगानं असा वाळकुडा की खांद्यावर पिंजायची धनुकली टाकून निघाला म्हणजे कोण कोणाला घेऊन चाललंय ते लांबून कळू नये. आयुष्यात त्यानं कापसाशिवाय कोणालाही झोडपलं नव्हतं. बायको लतीफा दिवसातून तीनदा त्याच्यावर खेकसे, तेव्हाही हा बिचारा धनुकलीची तात ताणत "हाव, हाव" करत राही. आणि असला माणूस सरकारच्या वहीत पेंढारी! ज्या पेंढाऱ्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वऱ्हाड धुऊन नेला, ज्यांचं नाव घेऊन आयाबाया अजून पोरं झोपवत, त्यांच्यातला हा. आता बोला!

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वी केनवडच्या बाजारात चोरी झाली. चोर सापडला नाही. तेव्हा ठाण्यानं गावोगावच्या पाटलांकडे यादी मागितली की बाप्पा, तुमच्या गावातले फिरस्ते लोक कोण कोण ते कळवा. उकंडरावांनी कळवलं. उंबरदरीत फिरस्ता तो एकच. आठ दिवसांनी ठाण्यातून नवी कोरी वही आली, तिच्यावर ठळक अक्षरात गफ्फारचं नाव, नावापुढे "पेंढारी", आणि खाली हुकूम: सदर इसम निगराणीखाली. रोज दिवेलागणीला हजेरी. रात्री गाव सोडणं नाही. सोडायचं तर ठाण्याची चिठ्ठी पाहिजे. गफ्फार चिठ्ठी मागायला तीनदा गेला आणि तिन्ही वेळा पेंढाऱ्याला चिठ्ठी कशी द्यायची, म्हणून ठाण्याच्या कारकुनानं त्याला दारातूनच परत धाडलं.

"पाटील, हे पेंढारी काहून लेहेलं?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

उकंडरावांनी त्याच्याकडे न पाहता वही बांधली. "सरकारी बोली हाये ते. तू फकस्त हाजीर म्हन."

गफ्फारला ते पटलं. सरकार शेतपट्टीला सारा म्हणायचं, चौकशीला जाबजबानी म्हणायचं, आपल्याला कुठे सगळं कळत होतं? पिंजाऱ्याला सरकारी बोलीत पेंढारी म्हणत असतील.

हजेरीचा त्याला तसा त्रास नव्हता. त्रास होता तो वेगळाच, आणि तो चावडीवर सांगण्यासारखा नव्हता. त्याची एकुलती एक पोरगी अन्वरी मानोऱ्याला दिलेली. निकाह झाला आणि पुढच्याच महिन्यात ही वही आली. मानोरा काही शेजारी नाही, पायी दोन दिवसांची वाट. म्हणजे चार वर्षांत बापानं लेकीचं घर पाहिलं नव्हतं. आणि का पाहिलं नाही, हे त्यानं तिला कळू दिलं नव्हतं. मानोऱ्यात व्याही इस्माईलचं किराणा दुकान, चार लोकांत मान. अशा घरात पोरीला कोणी म्हटलं असतं की तुझा बाप ठाण्याच्या वहीत आहे, तर तिनं तोंड कुठे लपवलं असतं? म्हणून गफ्फारनं लतीफाला शपथ घातली आणि निरोप धाडला: गुडघे धरले आहेत, चालवत नाही.

पहिल्या ईदला अन्वरी माहेरी आली, तेव्हा तर पाटलांनी कमालच केली. दिवेलागणीला चावडीवर हाक मारायचं सोडून ते शिरखुर्मा खायला म्हणून गफ्फारच्या घरी आले. वाटी हातात घेतली, आणि हळूच म्हणाले, "गफ्फार?" गफ्फार म्हणाला, "हाजीर." अन्वरीला वाटलं, पाटीलकाकाला आणखी पाहिजे. तिनं वाटी पुन्हा भरली.

पण खोटं किती दिवस टिकणार! मानोऱ्याजवळच्या तांड्यातला हरिसिंग कापूस वेचायला इकडे आला होता, त्यानं परत जाऊन अन्वरीला सांगितलं, "तुह्या बापाले रिठदच्या रस्त्यानं पाह्यलं. खांद्यावर धनुकली, आन कसा पळून राह्यला होता म्हनशीन!" झालं. ज्या गुडघ्यांवर रिठदला पळता येतं, ते गुडघे मानोऱ्याकडे वळत नाहीत? अन्वरीच्या डोक्यात राख गेली. तिनं माहेर सोडलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, तर तीही मोडून सासरी बाळंत झाली. लतीफा एकटी जाऊन आली.

"नाक तुमचंच हाये," लतीफानं सांगितलं. "अख्तरी नाव ठेवलं. आन अन्वरीनं तुमचं नाव सुद्धा काढलं नाई."

त्या दिवशी गफ्फारनं पिंजलेला कापूस पुन्हा पिंजला. त्याला रडू येत होतं, आणि कापसाचे तंतू डोळ्यांत गेले म्हणून ते खपून गेलं.

अशात रिठदच्या रामरावांना गादी पाहिजे झाली.

रामराव म्हणजे बडं प्रस्थ, नागपूरच्या कौन्सिलचे मेंबर. तीन वर्षांपूर्वी निवडून गेले, पण कौन्सिलात त्यांनी आजवर एकच वाक्य उच्चारलं होतं, ते म्हणजे "खिडकी लावा." प्रश्न विचारणं, सरकारला धारेवर धरणं, असल्या गोष्टी त्यांच्या प्रकृतीला मानवत नसत. त्यांना एकच दुखणं होतं, कंबर. नागपूरच्या मुक्कामातल्या खाटेनं कंबरेचा पार भुगा केला होता, आणि अधिवेशन तर आठ दिवसांवर आलेलं. गादी भरावी तर गफ्फारनंच, हे सगळ्या मुलुखाला ठाऊक.

गफ्फार लंगड्या टट्टूवर सामान लादून भल्या पहाटे निघे, रिठदला पोचून पिंजायला बसे, आणि सूर्य डोक्यावरून जरा कलला न कलला की हात झटकून उठे. पहिल्या दिवशी रामराव काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिशी चावली. तिसऱ्या दिवशी, गादीचं एक अंग टम्म फुगलेलं आणि दुसरं खपाटीला गेलेलं, अशा वेळी हा उठला तेव्हा ते दारात आडवे आले.

"अबे, रोज दुपार झाली का काहून पळतं? घरी काय म्हैस व्याली?"

"जाऊ द्या मेंबरसाहेब. दिवेलागणीले गावात पाह्यजे मी."

"काहून पाह्यजे?"

गफ्फारनं धनुकली खाली ठेवली आणि सांगितलं. सांगताना त्याची मान इतकी खाली गेली की हनुवटी छातीला लागली. रामराव आधी ऐकत राहिले. मग हसायला लागले. कंबर धरून हसले, भिंत धरून हसले, शेवटी अर्ध्या गादीच्या फुगलेल्या अंगावर कोसळून हसले. आणि मग पोरीचं ऐकलं तेव्हा एकदम थांबले.

"म्हंजे सरकारनं एका पिंजाऱ्याले पेंढारी करून बसवलं, आन त्याच्यापायी मी नागपुरात अर्ध्या गादीवर लोळावं? थांब, याचा प्रश्नच करतो कौन्सिलात."

गफ्फारनं रामरावांचे पायच धरले. "तसं नोका करू साहेब! मानोऱ्याले कळलं तं माह्या पोरीचं काय होईन?"

"तुहं नाव कोन घेते? मी फकस्त इचारन का वऱ्हाडात पेंढारी किती. बस."

आता कौन्सिलातला प्रश्न म्हणजे काय चीज असते, ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. नागपुरात एक माणूस तोंड उघडतो, आणि त्याचं उत्तर शोधायला शेकडो मैलांवरच्या माणसांची झोप उडते. कागद वरून निघाला, एकेका कचेरीत "जरूर", मग "अति जरूर", मग "तात्काळ" असे शेरे अंगावर घेत खाली उतरला, आणि सगळ्यांनी हात वर केल्यावर येऊन पडला उंबरदरीच्या चावडीवर. कारण वऱ्हाडातल्या सगळ्या ठाण्यांनी "निरंक" लिहिलं होतं. एकाच ठाण्यानं लिहिलं होतं, पोलीस पाटील उंबरदरी यांना विचारावं.

हजेरी झाल्यावर उकंडरावांनी कंदील जवळ ओढला. "गफ्फार, इकडं सरक. तुह्याबद्दल सरकार इचारून राह्यलं. मुद्दा पह्यला, आपले गावी पेंढारी किती."

"एक बी नाई म्हना ना पाटील," गफ्फार काकुळतीनं म्हणाला.

"आन हे वही? चार वर्सं रोज पेंढारी हाजीर म्हनून सही कोनाची? माही. आज एक बी नाई म्हनलं तं इतले दिवस मी काय हवेची हजेरी घेऊन राह्यलो होतो?"

गफ्फारला तेही खरं वाटलं. माणूसच तसा, दुसऱ्याची अडचण त्याला आधी दिसायची. पाटलांनी लिहिलं, एक.

"मुद्दा दुसरा, घोडदळ."

"टट्टू हाये. पन लंगडं."

"लंगडं लेहू?"

"लेहा बाप्पा. सरकारसंगं खोटं कायले?"

"तिसरा, हत्यारं."

"हत्यारं काय असनार? धनुकली हाये. आन तात ठोकाची मोगरी."

"चवथा, टोळीत साथीदार कोन. इथं लतीफाचं लेहू?"

गफ्फारनं अंमळ विचार केला. "ती साथीदार नोहे पाटील. ती सरदार हाये."

दोघंही पोट धरून हसले. आणि हसता हसता पाटलांनी तेही लिहून टाकलं. उकंडरावांचा मोडी हात म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एकदा टाक टेकवला की ओळ संपेपर्यंत उचलायचा नाही, ही त्यांची ऐट. घोड्यावरून गेल्यासारखी ओळ जायची. कागद बंद झाला, लाखेची मोहर झाली, आणि वर चढायला लागला.

महिन्याभरानं नागपूरचं वर्तमानपत्र चावडीवर आलं. उकंडरावांनी चष्मा लावला, सगळा गाव जमला, आणि वाचन सुरू झालं.

"रिठदचे मेंबर श्री. रामराव यांनी प्रश्न केला की वऱ्हाडात आजमितीस पेंढारी किती आहेत? सरकारतर्फे उत्तर: एक. कंसात, हशा."

चावडीतही हशा झाला. गफ्फारही हसला. त्याचं नाव नव्हतं ना!

"दुसऱ्या मेंबरांचा प्रश्न: तो कोठे आहे? उत्तर: गफ्फार वल्द दादामियाँ, मुक्काम उंबरदरी." पाटील अडखळले. त्यांनी एकदा गफ्फारकडे पाहिलं आणि पुढचं जरा खालच्या आवाजात वाचलं. "प्रश्न: त्याच्याजवळ कोणती हत्यारे आहेत? उत्तर: धनुष्य एक, गदा एक. कंसात, प्रचंड हशा. प्रश्न: घोडदळ? उत्तर: एक, लंगडे. प्रश्न: टोळी? उत्तर: टोळीची सरदार एक स्त्री असल्याचे समजते, अधिक तपास चालू आहे. प्रश्न: या पेंढाऱ्याने गेल्या चार वर्षांत किती गावे लुटली? उत्तर: एकही नाही. याचे श्रेय पोलिसांच्या कडक निगराणीस आहे."

चावडी फुटली. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. "गदा!" कोणीतरी ओरडलं, "धनुष्य आन गदा, अबे हा पेंढारी का रामलीला?" गफ्फार मात्र उठून चालू पडला होता. त्याच्या कानात एकच घुमत होतं. नाव छापलं. गावाचं नाव छापलं. ते मानोऱ्याला जाणार.

घरी लतीफानं सगळं ऐकून घेतलं. सरदार शब्दापाशी तिची मान जरा ताठ झाली, हे खोटं कशाला सांगा. पण नवऱ्याचा चेहरा पाहून ती जवळ येऊन बसली.

"कळू द्या एकडाव. इतलं लपवून काय झालं? पोरगी तं तशी बी गेली."

"आता पुरी जाईन," गफ्फार म्हणाला. त्यानं भाकरीला हात लावला नाही.

पुढचे दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की तो दाराआड जाऊन बसे. आणि सहाव्या दिवशी, अगदी दिवेलागणीला, केनवडच्या रस्त्यानं एक छकडा धूळ उडवत आला तो गफ्फारच्या घराकडे न वळता सरळ चावडीसमोर थांबला. जावई सादिक बैलांपाशीच उभा राहिला. अन्वरी खाली उतरली. काखेत लेक, हातात वर्तमानपत्राचा चुरगळलेला तुकडा. मानोऱ्यात इस्माईलच्या दुकानात रद्दी आली होती आणि गुळाचा खडा बांधून नेमका तोच कागद घरात पोचला. अन्वरी मराठी चौथीपर्यंत शिकलेली. पुडी सोडताना तिनं गूळ बाजूला ठेवला आणि कागद वाचला.

गफ्फार खांबाआड सरकला. पळावं म्हटलं तर हजेरी व्हायची होती.

पाटलांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी रोजचं तेच केलं. घसा खाकरला, आणि कसंबसं म्हणाले, "गफ्फार वल्द दादामियाँ... पेंढारी."

गफ्फारनं खांबाआड तोंड लपवलं.

"हाजीर हाये!" अन्वरी पायरी चढत गरजली. "पेंढाऱ्याची पोरगी बी हाजीर हाये, आन हे पेंढाऱ्याची नात, हे बी हाजीर हाये! लेहा पाटीलकाका, तिघायची हजेरी लेहा!"

अन्वरी खांबाआडच्या बापासमोर येऊन उभी राहिली.

"गुडघे दुखते म्हनलं तुमी मले. इतले दिवस मी सासरी सांगून राह्यले का माह्या बापाले माही याद येत नाई. रोज रातच्याले मी तुमाले शिव्या देल्या अब्बा. आन तुमी इथं बांधलेले! मले सांगता नाई आलं?"

"लाज वाटे, माय," गफ्फार म्हणाला. "तुह्या सासरी..."

"सासरे म्हनाले, असा व्याही तं साऱ्या वऱ्हाडात एकच हाये! सारं दुकान हसून राह्यलं, पन तुमच्यावर नाई." आणि तिनं काखेतली पोर त्याच्या हातात दिली. अख्तरीनं आजोबाचं नाक पाहिलं, ओळखीचं वाटलं असावं, आणि ते मुठीत धरलं. गफ्फार मग जो रडला तो कापसाचं निमित्त न सांगता रडला.

अन्वरीनं डोळे पुसले, पदर खोचला आणि ती पाटलांकडे वळली.

"काका, ठाण्याले यादी कोनं धाडली होती?"

"म्या."

"काय लेहेलं होतं?"

"पिंजारी! साफ पिंजारी लेहेलं होतं. देवाशपथ!" उकंडराव एकदम तापले. "त्या कारकुनाले मोडी वाचता येत नाई, त्याले मी काय करू?"

"तं घ्या कागद. पिंजारी लेहा."

पाटलांनी टाक बुडवला आणि न उचलता झोकात लिहिलं.

"आता हे दुसरा कागद घ्या. पेंढारी लेहा."

तेही लिहिलं. अन्वरीनं शाई वाळू दिली, दोन्ही कागद उचलले, पाठीमागे नेले, पुन्हा समोर आणले आणि कंदिलाखाली ठेवले.

"सांगा, पिंजारी कोनता?"

उकंडरावांनी चष्मा लावला. एक कागद पाहिला. दुसरा पाहिला. पहिला पुन्हा पाहिला. चष्मा काढून पुसला. कागद उलटा धरून पाहिला. चार वर्षं पाटलांच्या मनात जे कुठेतरी ठुसठुसत होतं ते आता सगळ्या गावासमोर दोन कागदांवर लख्ख पडलं होतं.

"आयला," ते हळूच म्हणाले. "मले बी वाचता येत नाई."

पहिल्यांदा हसला तो गफ्फार. मग चावडी अशी हसली की अख्तरी दचकून रडायला लागली. पाटील मात्र हसले नाहीत. ते उठून गफ्फारपाशी आले.

"मले पह्यल्याच दिवशी शंका आली होती गफ्फार. वहीवर पेंढारी पाह्यलं तवाच. पन माहं अक्षर कोनाले वाचता नाई आलं हे कबूल करावं कसं? माह्या ऐटीपायी तुही चार वर्सं गेली गड्या."

गफ्फारला राग यायला हवा होता. आलाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला इतका राग आला की त्यानं पाटलांच्या चंचीतली सगळी तंबाखू आपल्या हातावर ओतून घेतली. "हे आता माही," तो म्हणाला. आणि मग, रागाचं पुढं काय करायचं ते ठाऊक नसल्यामुळे, अर्धी परत देऊन टाकली.

त्याच बैठकीत उकंडरावांनी रामरावांना पत्र लिहिलं, बालबोधीत, एकेक अक्षर सुटं, टाक दर वेळी उचलून. पिंजारी शब्दापाशी अन्वरी मागे उभी राहून मोठ्यानं सांगत होती, "प ले ऱ्हस्व वेलांटी, वर टिंब. आता ज. पोट नीट काढा काका."

आणि रामराव, ज्यांनी पहिल्या तीन वर्षांत फक्त खिडकी लावायला सांगितली होती, ते पुढच्या अधिवेशनात दुसऱ्यांदा उभे राहिले. म्हणतात की त्यांच्या कंबरेला आता बरं होतं, कारण ते नागपूरला जाण्याआधी अन्वरी आणि लतीफानं मिळून गादीचं दुसरं अंग भरून दिलं होतं. त्यांनी विचारलं की उंबरदरीचा तो पेंढारी अद्याप पेंढारी आहे काय. सरकारनं सांगितलं की सखोल चौकशीअंती तो पिंजारी असल्याचं आढळून आलं आहे. मग चूक कोणाची, असं रामरावांनी विचारलं. सरकारनं सांगितलं की चूक झालेली नाही.

हुकूमही तसाच आला. उकंडरावांनी तो चावडीवर उभं राहून वाचला: "सदर इसमाची वर्तणूक चार वर्षे निर्दोष आढळल्यामुळे, त्यास मेहेरबानीने पेंढारी या वर्गातून कमी करून पिंजारी या वर्गात घेण्यात येत आहे."

"म्हंजे मी सुधारलो?" गफ्फारनं विचारलं.

"सरकारच्या मतानं सुधारला," पाटील म्हणाले. त्यांनी वही कापडात शेवटची बांधली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते चावडीवर एकटेच बसले होते, आणि त्यांनी दोनदा चंची उघडून मिटली, असं लोक सांगतात. कारण गफ्फार आणि लतीफा तोवर मानोऱ्याच्या वाटेला लागले होते.

लेकीचं घर गफ्फारनं ओसरीपासून चुलीपर्यंत पाहिलं. व्याह्यानं दुकानात बसवून गावाला दाखवलं. निकाहाला गादी आपणच भरून दिलेली, तिच्यावर तो नातीला घेऊन बसला. सगळं छान चाललं होतं. मग सांज झाली, अन्वरीनं दिवा लावला, आणि गफ्फारनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पोरीला खाली ठेवलं, उठला, पुन्हा बसला. पाय आपोआप दाराकडे वळत होते आणि जायला चावडी नव्हती. बोलता बोलता त्याचं लक्ष उडालं. इस्माईल काहीतरी विचारत होता, ते त्याला ऐकू आलं नाही.

चुलीपाशी बसलेल्या अन्वरीनं ते पाहिलं. तिनं तव्यावरची भाकर उलटली, घसा खाकरला, अगदी उकंडरावांसारखा, आणि आतूनच हाक दिली.

"गफ्फार वल्द दादामियाँऽऽ, पिंजारीऽऽ!"

गफ्फार ताडकन उभा राहिला.

"हाजीर!" तो म्हणाला. त्यानं पुन्हा एकदा, नीट म्हटलं, "हाजीर हाये, माय."

"हाजीर हाये तं हात धुवा," अन्वरी म्हणाली. "भाकर वाढली."